पाखाडी चढताना रक्तात काय घडतं

रत्नागिरीहून पावस मागे टाकून दक्षिणेला निघालं की मुचकुंदीच्या खाडीच्या तोंडावर पूर्णगड लागतो. किल्ला लहानसाच, जांभ्या दगडाचा. गाव उतारावर वसलेलं आणि घरांच्या मधून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या. कोकणात अशा वाटेला पाखाडी म्हणतात. मासळीची पाटी, पाण्याची कळशी, लाकडाचा भारा, गवताचं ओझं, असं काय काय डोक्यावर घेऊन इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पाखाड्या चढत-उतरत आल्या. या चढणीचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा काही संबंध असेल असं शंभर वर्षांपूर्वी कुणी बोललं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. आज तो संबंध रक्ताच्या थेंबात दाखवता येतो. आपल्या शरीराबद्दल विज्ञानाने जे जे सांगितलं त्यात मला ही गोष्ट सर्वांत थक्क करणारी वाटते, म्हणून ती जरा सावकाश सांगते.

सुरुवात मांडीपासून होते. आपण बसलेले असतो तेव्हा स्नायूला रक्तातली साखर आत घ्यायची तर इन्सुलिनचा निरोप यावा लागतो. साखर आत आणणारी प्रथिनं पेशीच्या पोटात पडून असतात. इन्सुलिन आलं की ती पेशीच्या आवरणावर येतात आणि साखरेला वाट करून देतात. पण स्नायू जोराने काम करू लागला की तीच प्रथिनं इन्सुलिनची वाट न बघता आवरणावर येतात. पाखाडी चढणारी मांडी साखर स्वतःच उचलते. चढण संपल्यावरही पुढे कित्येक तास त्या स्नायूला थोडक्या इन्सुलिनवर भागतं. रोज असं होत राहिलं की स्वादुपिंडाला कमी इन्सुलिन तयार करावं लागतं, आणि रक्तातली त्याची पातळी खाली राहते.

आता यकृताकडे वळू. यकृत एक प्रथिन बनवून रक्तात सोडतं. त्याचं काम लैंगिक संप्रेरकांना, म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या हार्मोन्सना, धरून ठेवायचं. धरलेलं इस्ट्रोजेन पेशीत शिरू शकत नाही; मोकळं असलेलं शिरतं. इन्सुलिन वाढलेलं असलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं आणि इन्सुलिन उतरलं की जास्त. म्हणजे मांडीने साखर उचलली, स्वादुपिंडाचं काम हलकं झालं, यकृताचा हात मोकळा झाला, आणि रक्तात मोकळं फिरणारं इस्ट्रोजेन थोडं घटलं. स्तनातल्या पेशींना वाढायला सांगणारा सर्वांत मोठा आवाज इस्ट्रोजेनचाच. तो आवाज जरा हळू झाला. खाली बंदरापासून वर घरापर्यंतच्या वाटेने छातीतल्या पेशीशी असं नातं जोडलेलं आहे, आणि ते चढणारीला कळतसुद्धा नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या स्त्रियांचं रक्त दोनदा घेतलं: एकदा दोन तासांच्या व्यायामाआधी आणि एकदा व्यायाम संपल्यावर. त्या रक्ताचा सीरम त्यांनी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींवर घातला. व्यायामानंतरच्या सीरममध्ये त्या पेशींचा जोर कमी पडला. तीच बाई, तोच दिवस, आणि मध्ये फक्त दोन तासांची मेहनत. बशीतल्या प्रयोगावरून माणसाबद्दल लगेच निष्कर्ष काढायचा नसतो, हे खरं. पण लाखो स्त्रियांच्या पाहणीही त्याच बाजूला बोट दाखवतात: सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्या स्त्रियांना, सर्वांत कमी हालचाल करणाऱ्यांच्या तुलनेत, स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी दिसतो. आकडा फार मोठा नाही. पण हे औषध पाखाडीवर फुकट मिळतं, हे लक्षात घेतलं तर लहानही नाही.

स्तन हा अवयव इतर अवयवांसारखा नाही, आणि हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. हृदय, यकृत, मूत्रपिंड ही बाळ जन्मतं तेव्हा घडलेली असतात, पुढे फक्त मोठी होतात. स्तन मात्र जन्मानंतर घडतो. वयात येताना दुधाच्या नलिका फुटतात, त्यांना फांद्या येतात, फांद्यांच्या टोकाला बारीक गुच्छ लागतात. पण तिथेही काम पुरं होत नाही. या गुच्छांतल्या पेशी खऱ्या अर्थाने पक्व होतात त्या पहिल्या गरोदरपणात आणि नंतर दूध पाजताना. तोपर्यंत त्या कोवळ्या, सारख्या विभागणाऱ्या असतात. आणि पेशी जितक्या वेळा विभागते, तितक्या वेळा तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते. नक्कल करताना चूक राहून जाण्याची शक्यता प्रत्येक वेळी असते.

दर महिन्याच्या पाळीत स्तनातही हालचाल चालते. पाळीच्या उत्तरार्धात या गुच्छांतल्या पेशी विभागायला लागतात, गर्भ राहील या अंदाजाने. गणपतीला मुंबईची माणसं येणार म्हणून घर झाडून-सारवून ठेवावं, आणि कुणी आलं नाही की पुन्हा सगळं आवरावं, तसं हे महिन्या-महिन्याला चालतं. आता विचार करा, एका बाईच्या आयुष्यात असं किती वेळा होतं? मानववंशशास्त्रज्ञ बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी आफ्रिकेतल्या माली देशात डोगोन लोकांच्या गावात राहून याचा हिशोब केला. पाळी उशिरा सुरू होणं, अनेक बाळंतपणं, प्रत्येक मुलाला दीर्घकाळ अंगावर पाजणं, यामुळे डोगोन बाईच्या वाट्याला उभ्या जन्मात सुमारे १०० पाळ्या येतात. शहरी, औद्योगिक समाजातल्या बाईच्या वाट्याला ३५० ते ४००. मनुष्यजातीच्या लाखो वर्षांच्या इतिहासात स्त्रीच्या शरीराला जी सवय होती, तिच्या तिप्पट-चौपट वेळा आजच्या बाईच्या स्तनात ही आवराआवर होते. आपल्या आज्या-पणज्या पाच-सात मुलांच्या आया होत्या. त्यांचा आकडा डोगोन बायकांच्या जवळपास असणार, आणि आपला शहरातल्या बायकांच्या.

हे गणित माणसाच्या नजरेला फार आधी दिसलं होतं, पण अर्थ लागला नव्हता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी लिहून ठेवलं की मठांत राहणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या ख्रिस्ती जोगिणींना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो. १९२६ साली ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपन नावाच्या डॉक्टर बाईंनी स्तनाचा कॅन्सर असलेल्या सुमारे ५०० आणि नसलेल्या सुमारे ५०० स्त्रियांना गाठून लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का, असं एकेक विचारलं. आजार झालेले आणि न झालेले यांची अशी शेजारी-शेजारी तुलना करायची पद्धत पुढे साऱ्या जगाने उचलली, आणि तिची पायाभरणी करणाऱ्यांत या बाईंचं नाव घ्यावं लागतं. मुलं आणि अंगावरचं दूध यांचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध आहे, हे त्यांच्या आकड्यांतून दिसलं. २००२ साली तीस देशांतली ४७ संशोधनं एकत्र करून, कॅन्सर झालेल्या ५०,३०२ आणि न झालेल्या ९६,९७३ स्त्रियांच्या माहितीवरून उत्तर अगदी नेमकं आलं: अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, आणि त्याशिवाय दर बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. त्याच अभ्यासाने सांगितलं की श्रीमंत देशांतल्या बायकांची मुलांची संख्या आणि पाजण्याचा काळ गरीब देशांतल्यासारखा असता, तर सत्तर वर्षं वयापर्यंत शंभरात ६.३ बायकांना होणारा हा आजार २.७ जणींनाच झाला असता. या फरकातला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा एकट्या दूध पाजण्याचा.

अंगावरचं दूध हे कसं करतं? पाजत असताना पाळ्या लांबतात, हे एक. पेशी पक्व होतात, हे दुसरं. मूल दूध सोडतं तेव्हा दूध बनवणाऱ्या पेशींपैकी बहुतांश पेशी मरून जातात आणि शरीर त्या झाडून टाकतं. त्यांच्याबरोबर बिघडलेल्या पेशीही जात असाव्यात. आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी एक नवाच पदर उलगडला. ज्या बायकांनी मुलांना जन्म दिला आणि पाजलं, त्यांच्या स्तनांत प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी वर्षानुवर्षं मुक्काम करून असतात, बिघडलेल्या पेशींवर तुटून पडायला तयार. मूल शाळेत जातं, कॉलेजात जातं, नोकरीला लागतं, आणि त्याला पाजताना आलेल्या पेशी आईच्या छातीत अजून पहारा देत असतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. लहान वयात लग्न, एकामागोमाग बाळंतपणं हा काही कॅन्सरवरचा उपाय नाही. त्या काळात बाळंतपणात किती बायका गेल्या याची आठवण कोकणातल्या कुठल्याही घराण्यात निघेल. महाराष्ट्रात आज बाईमागे सरासरी दोनाहून कमी मुलं आहेत आणि ते चांगलंच आहे. पण जी एक-दोन मुलं होतात त्यांना पुरेसं पाजता यावं, एवढं तर समाज म्हणून आपण करू शकतो. २०१७ पासून कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा आहे. काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या बागेत, मासळीच्या बंदरावर रोजावर जाणाऱ्या बाईला ती कुठली? अंगावर पाजण्याला आपण आईची सवय किंवा आईची माया म्हणतो, पण खरं तर ती बरीचशी रजेची, सावलीची आणि घरातल्या मदतीची गोष्ट आहे.

आता आकड्यांकडे येऊ, कारण या गोष्टीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. देशातली ही पहिलीच. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींतून दाखवलं की एकाच मुंबईत, एकाच हवेत राहणाऱ्या बायकांमध्येही स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण समाजागणिक वेगळं आहे, आणि पारशी बायकांत ते सर्वांत जास्त. उशिरा लग्न, कमी मुलं, सुस्थिती, ही सगळी लक्षणं त्या समाजात इतरांच्या आधी आली होती. मग १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत ग्रामीण भागाची नोंदवही सुरू झाली, भारतातली पहिली ग्रामीण. खेड्यात कॅन्सर झालेल्या माणसाची नोंद हॉस्पिटलात सापडतेच असं नाही, म्हणून बार्शीचे कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत राहिले. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर दिसलं की वयाचा फरक वजा करूनही, बार्शीच्या खेड्यांतल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. खेड्यात काही रुग्ण निदानाविना राहतात हे धरलं तरी एवढं अंतर त्याने भरून निघत नाही.

बार्शी आणि मुंबई यांच्यामधलं हे अंतर कोकणातल्या घराघरांतून गेलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. चाकरमानी तिकडे, बाई शेतावर, अशी ही रचना गिरण्यांच्या काळापासूनची. पुढे बायकाही गेल्या. आज एकाच आजीच्या दोन नाती असतात: एक गावात, दुसरी डोंबिवलीत किंवा विरारला. रक्त एक, हाडपेर एक. पण एकीची पाळी तेराव्या-चौदाव्या वर्षी आली आणि दुसरीची अकराव्या. एक लावणीत दिवसभर वाकते, दुसरी लोकलमध्ये दीड तास आणि खुर्चीत नऊ तास. एकीचं पहिलं मूल विशीत, दुसरीचं तिशी उलटल्यावर. जनुकं बदलायला हजारो वर्षं लागतात, आयुष्य एका पिढीत बदलतं, आणि स्तनाच्या पेशी आयुष्याचं ऐकतात. जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेलेल्या कुटुंबांत हे फार पूर्वी दिसलं होतं: जपानात हा कॅन्सर कमी, पण तिकडे वाढलेल्या मुली-नातींमध्ये प्रमाण पिढीगणिक चढत जाऊन तिथल्या बायकांजवळ पोचलं. गावातली नातही आता त्याच वाटेवर आहे, हे वेगळं सांगायला नको. पाखाडीच्या शेजारून रस्ता झाला, दाराशी स्कूटी आली, घरात नळ आला. कळशी डोक्यावरून उतरली ही चांगलीच गोष्ट. त्या कष्टांचं कौतुक करणाऱ्याने ते कष्ट एक दिवस करून बघावेत. पण कळशीबरोबर मांडीचं कामही गेलं, आणि ते दुसऱ्या कुठल्या रूपात परत आणावं लागेल.

ज्यांच्या जनुकातच दोष आहे, त्यांचं काय? याचं उत्तर मला फार विस्मयकारक वाटतं. बीआरसीए नावाच्या दोन जनुकांपैकी एक जरी बिघडलेलं असलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. यातल्या पहिल्या जनुकाचा ठावठिकाणा १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवला. त्यांनीच २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोष तोच, जनुक तेच. पण १९४० पूर्वी जन्मलेल्या बायकांना पन्नाशीच्या आत कॅन्सर होण्याची शक्यता २४ टक्के होती, आणि १९४० नंतर जन्मलेल्यांना ६७ टक्के. वयात येण्याच्या काळात ज्या मुली हिंडत्या-फिरत्या, खेळत्या होत्या आणि ज्यांचं वजन बेताचं होतं, त्यांना आजार बऱ्याच उशिरा झाला. ज्याला आपण नशिबाचा लेख म्हणू, त्या जनुकावरही मुलीच्या खेळण्याचा परिणाम होतो. मुलगी वयात आली की अंगणातला खेळ बंद करायचा, ही आपली जुनी खोड किती महाग पडत असेल, याचा विचार आई-बापांनी जरूर करावा.

पाळी गेल्यानंतर गोष्ट आणखी एक वळण घेते. अंडाशय थांबतं, पण इस्ट्रोजेन थांबत नाही. चरबीच्या पेशींत ॲरोमॅटेज नावाचं विकर असतं. ते रक्तातल्या दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करतं. म्हणजे पन्नाशीनंतर इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना चरबीत हलतो, आणि चरबी जितकी जास्त तितकं उत्पादन जास्त. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, पाच अंकांनी वाढला की या वयातला धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडच्या बायकांसाठी मात्र वजनकाट्याहून टेप महत्त्वाची आहे. परळच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये दीड हजारांहून जास्त रुग्ण स्त्रिया आणि जवळपास तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना करून २०१६ साली जे प्रसिद्ध झालं, त्यात कमरेला साचलेली चरबी हा धोका ठळकपणे पुढे आला, पाळी चालू असलेल्या बायकांतही आणि गेलेल्यांतही. हातपाय काडीसारखे पण पोट सुटलेलं, अशी अंगलट आपल्या देशात घरोघरी आहे, आणि काट्यावर ती धडधाकट दिसते. घरातली शिवणाची टेप घ्या. सैल श्वास सोडून कमरेचा घेर मोजा, मग नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.८५ च्या वर गेलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ते जास्त आहे.

अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली जाते. त्यातून कळलं की पाळी गेल्यानंतरही ज्यांनी वजन उतरवलं आणि उतरलेलं टिकवलं, त्यांचा धोका खरोखरच कमी झाला. साठीच्या बाईला ‘आता काय उपयोग’ असं म्हणायला इथे जागा नाही.

दारूबद्दल थोडक्यात: रोजच्या १० ग्रॅम अल्कोहोलमागे, म्हणजे एका लहान पेगमागे, धोका साधारण ७ टक्के वाढतो, आणि वाइन असली म्हणून सूट मिळत नाही. कोकणातल्या बायकांत दारू कमी, पण मशेरी आहे. मशेरीचा मुख्य तडाखा तोंडाला बसतो. तो कॅन्सर आपल्याकडे इतका आहे की ती सोडायला वेगळं कारण शोधायला नको. रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कॅन्सरला कारण’ या यादीत ठेवलं, आणि त्यामागे स्तनाच्या कॅन्सरचाही पुरावा होता. नर्सिंगला गेलेल्या कोकणातल्या मुलींनी रात्रपाळी सोडावी असं कुणी म्हणणार नाही. पण कामाच्या पाळ्या लावणाऱ्यांनी हे वाचलेलं असावं.

खाण्याबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. हळद, कोकम, अमुक बी, तमुक पाला यांनी कॅन्सर टळतो असे निरोप मोबाइलवर रोज फिरतात. एखादा एकच पदार्थ स्तनाचा कॅन्सर टाळतो, याला भक्कम पुरावा नाही. ताटात भाजी, कडधान्य, नाचणी, मासे असावेत आणि तळण, बेकरीचा माल, गोड कमी असावं, कारण त्याने कमरेचा घेर आणि इन्सुलिन ताब्यात राहतं. एवढंच. हे सांगायला साधं आहे, म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि आता जे सांगायचं ते मला सगळ्याहून महत्त्वाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या साधारण निम्म्या बायकांमध्ये बाई असणं आणि वय वाढणं यापलीकडे धोक्याचं एकही खास कारण सापडत नाही. चार मुलांना पाजलेली, सडपातळ, दिवसभर राबणारी बाई असली तरी तिलाही हा आजार गाठतो. नक्कल करताना राहिलेली चूक कुणाच्या पेशीत राहील, हे कुणाच्या हातात नाही. सवयी धोका कमी करतात, पुसून टाकत नाहीत. म्हणून ‘तू असं काय केलंस म्हणून तुला झालं’ हा प्रश्न शेजारणीने, नणंदेने, नवऱ्याने, कुणीच विचारू नये. २०२२ साली भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि ९८ हजार गेल्या. गेलेल्यांचा आकडा झालेल्यांच्या निम्म्याला येतो तो पेशींमुळे कमी आणि निदानाला होणाऱ्या उशिरामुळे जास्त.

उशीर टाळता येतो, याचाही पुरावा मुंबईचाच आहे. १९९८ साली टाटा मेमोरिअलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले. यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही, नुसती शिकवलेली बोटं. वीस वर्षांचा हिशोब २०२१ साली प्रसिद्ध झाला: तपासणी झालेल्या वस्त्यांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरिअलच्या साथीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावोगावी बायकांची तपासणी केली, तीही याच वाटेने. आज सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची स्तनाची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट व्हायची आहे, आणि तिथवर नेणारी आशाताई गावातलीच असते.

तेव्हा वाचणाऱ्या प्रत्येक ताई, मावशी, काकूंना विनंती: तिशी उलटली असेल तर आशाताईला विचारून एकदा तपासणी करून घ्या. आंघोळीच्या वेळी हाताला गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंड आत वळलं किंवा त्यातून रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका, कारण या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते डॉक्टरने सांगायचं असतं. लावणी होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, असं म्हणत महिने घालवू नका. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जा, तिथून रत्नागिरीच्या सिव्हिलला पाठवलं तर तिथे जा, आणि जाताना घरातल्या कुणाला तरी बरोबर घ्या.